नेपाळला स्वतःची वीज विकायला भारताची परवानगी का लागते?

भटक्या_वाई

नुकताच अन्नपूर्णा सर्किट करून आलो. बेसीसहरच्या आसपास रस्ता मर्स्यांगदी नदीच्या काठाकाठाने जातो आणि तिथे एकामागून एक वीजप्रकल्प दिसत राहतात, कुठे बंधारा, कुठे बोगद्याचं तोंड, कुठे पॉवरहाऊस. लॉजचे मालक गप्पा मारताना म्हणाले की पावसाळ्यात आमच्याकडे इतकी वीज होते की करायचं काय असा प्रश्न असतो, पण भारताला विकायची तर एकेका प्रकल्पासाठी दिल्लीची वेगळी परवानगी लागते, आणि हा वरचा प्रकल्प आहे ना त्याची वीज भारत घेणारच नाही कारण त्यात चिनी पैसा आहे. मला तेव्हा हे पटलंच नाही. म्हणजे वीज त्यांच्या नदीची, विकणारे ते, घेणाऱ्याला गरज आहे, मग मध्ये परवानगी कसली?

घरी आल्यापासून वाचतोय पण बातम्या सगळ्या तुकड्यातुकड्यात. एका ठिकाणी ३९ मेगावॉट, दुसरीकडे ९४१ मेगावॉट, तिसरीकडे एकदम १०,००० मेगावॉटचा करार. कशाचा कशाशी मेळ लागत नाही. अर्ज नक्की कोण करतं, कोणाकडे, काय बघून हो किंवा नाही म्हणतात, आणि हे असं फक्त भारतच करतो की सगळीकडेच असतं? इथे वीजखात्यातले बरेच लोक आहेत म्हणून विचारतोय. जरा नीट सांगा, घाई नाही.

लोडडिस्पॅच_निवृत्त

प्रश्न चांगला आहे. माझी सगळी नोकरी लोड डिस्पॅचमध्ये (ग्रिडवर कुठून किती वीज येते-जाते ते सांभाळणारी कंट्रोल रूम) गेली त्यामुळे आधी ग्रिडच्या बाजूने सांगतो, मग कागदाचं.

पहिली गोष्ट, नेपाळची ग्रिड आणि आपली ग्रिड आता एकाच ठोक्यावर चालतात. बिहारातलं मुझफ्फरपूर आणि नेपाळातलं ढल्केबर यांच्यामध्ये ४०० केव्हीची लाईन आहे, २०१६ मध्ये ती सुरू झाली तेव्हा १३२ केव्हीवर चालवली, मग २२० आणि नंतर पूर्ण ४०० वर नेली. ही लाईन एसी आहे, म्हणजे तिकडे मोठा प्रकल्प अचानक ट्रिप झाला, म्हणजे बंद पडला, तर इकडची फ्रिक्वेन्सी (तो ग्रिडचा ठोका) हलते आणि इकडे काही झालं तर तिकडे अंधार होतो. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला आपल्याकडे जे झालं ते आठवत असेल, दुसऱ्या दिवशी साठ कोटींहून जास्त लोकांची वीज गेली होती. तेव्हा कंट्रोल रूममध्ये बसलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, ग्रिडवर कोण किती वीज टाकणार आहे, कुठून टाकणार आहे हे आधी माहीत असणं किती गरजेचं असतं. परवानगी नावाची गोष्ट मुळात ह्यासाठी लागते, आणि ती लागलीच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कागद. भारत-नेपाळ वीज व्यापार करार २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये झाला. त्यात तत्त्व मान्य झालं की दोन्हीकडच्या कंपन्या एकमेकांना वीज विकू शकतात. पण करार होऊन कामाचे नियम आले डिसेंबर २०१६ मध्ये आणि ते बरेच कडक होते, सरकारी प्रकल्प किंवा ज्यात भारतीय कंपनीचे ५१ टक्के आहेत त्यांना सोपा रस्ता आणि बाकीच्यांचं प्रत्येक प्रकरण वेगळं तपासणार. नेपाळ आणि भूतान दोघांनीही नाराजी सांगितली. मग डिसेंबर २०१८ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं आली, २०१९ मध्ये केंद्रीय वीज नियामक आयोगाचे नियम आले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये अर्ज कसा करायचा त्याची कार्यपद्धती आली. आज जे चालतं ते ह्या शेवटच्या कागदावर.

अर्ज जातो दिल्लीत केंद्रीय विद्युत प्राधिकरणाकडे, तिथले एक सदस्य ह्या कामाचे अधिकारी म्हणून नेमलेले आहेत. नेपाळकडून विकणारी संस्था म्हणजे नेपाळ विद्युत प्राधिकरण, आणि आपल्या बाजूने एनटीपीसीची ट्रेडिंग कंपनी, एनव्हीव्हीएन, ती मध्ये असते. प्रकल्प कोणाचा, भागधारक कोण, किती मेगावॉट, वीज कुठून येणार हे सगळं द्यावं लागतं. आणि इथे तुमच्या लॉजच्या मालकांचं म्हणणं बरोबर आहे, मंजुरी प्रकल्पाच्या नावाने मिळते. आज अमुक प्रकल्पाचे इतके मेगावॉट मंजूर, उद्या दुसऱ्या प्रकल्पाची वीज त्या नावावर खपवता येत नाही. आणि बाजारात विकायची मंजुरी साधारण वर्षभराची असते, मग नूतनीकरण.

तुम्ही म्हणता ते ३९ मेगावॉट म्हणजे नोव्हेंबर २०२१ ची पहिली मंजुरी. त्रिशूलीचे २४ आणि देवीघाटचे १५, दोन्ही जुने प्रकल्प आणि दोन्ही भारताच्या मदतीने बांधलेले, म्हणून तिथे कोणाला शंका घ्यायला जागाच नव्हती. मग एप्रिल २०२२ मध्ये आणखी ३२६ मेगावॉट मिळाले. ऑगस्ट २०२४ पर्यंत २८ प्रकल्प मिळून ९४१. आणि १०,००० हा आकडा वेगळ्याच गोष्टीचा आहे, तो ४ जानेवारी २०२४ ला काठमांडूत झालेला करार आहे की दहा वर्षांत तिथपर्यंत जायचं. ते उद्दिष्ट आहे, मंजुरी नाही. त्या करारानंतरही प्रत्येक प्रकल्पाचा अर्ज वेगळाच जातो.

शेती_आणि_मीटर

बाजारात म्हणजे कुठे? शेअर बाजारासारखं काही आहे का? आणि भाव कोण ठरवतं?

लोडडिस्पॅच_निवृत्त

हो, पॉवर एक्स्चेंज. आयईएक्स, म्हणजे इंडियन एनर्जी एक्स्चेंज, हे त्यातलं सगळ्यात मोठं. उद्याच्या दिवसाचे पंधरा पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडतात आणि प्रत्येक भागासाठी विकणारे आणि घेणारे आज बोली लावतात, जिथे दोन्ही जुळतं तो त्या पंधरा मिनिटांचा भाव. नेपाळने एप्रिल २०२१ मध्ये इथे आधी वीज विकत घ्यायला सुरुवात केली आणि नोव्हेंबरपासून विकायला. दुपारी भरपूर सोलर असतं तेव्हा भाव पडलेला असतो आणि संध्याकाळी सूर्य गेला की एकदम चढतो. २०२२ च्या उन्हाळ्यात कोळशाची टंचाई होती तेव्हा आयोगाने युनिटला १२ रुपयांची मर्यादा घातली होती, पुढे ती १० वर आणली. त्या वर्षी ज्याच्याकडे मंजुरी होती त्याला चांगले पैसे मिळाले आणि ज्याच्याकडे नव्हती तो बघत बसला.

पाणलोट

लोडडिस्पॅच साहेबांनी ग्रिडचं छान सांगितलं, मी पाण्याचं सांगते कारण हा सगळा विषय पाण्यापासून सुरू होतो आणि तेच बातम्यांमध्ये येत नाही.

आपण महाराष्ट्रातले लोक जलविद्युत म्हटलं की कोयना डोळ्यासमोर आणतो. कोयनेचं धरण १०५ टीएमसीचं, पावसाळ्यात भरून घ्यायचं आणि वर्षभर संध्याकाळच्या मागणीला पाणी सोडायचं, जवळपास १,९६० मेगावॉटची सोय आहे तिथे. नेपाळात तसं नाहीये. तिथे जवळजवळ सगळे प्रकल्प वाहत्या पाण्यावरचे, नदीला छोटा बंधारा घालायचा, पाणी बोगद्यातून खाली नेऊन टर्बाइनवर सोडायचं आणि परत नदीत. साठवण नाही. मोठी म्हणावी अशी साठवण फक्त कुलेखानीला, आणि तिचे तिन्ही टप्पे मिळून १०६ मेगावॉट. म्हणजे जुलैत नदी दुथडी भरून वाहते तेव्हा सगळे प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालतात आणि जानेवारीत बर्फ गोठलेलं असतं तेव्हा तेच प्रकल्प क्षमतेच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतात. त्यामुळे नेपाळ पावसाळ्यात विकतो आणि हिवाळ्यात आपल्याकडूनच घेतो. २०२३-२४ च्या आर्थिक वर्षात पहिल्यांदा असं झालं की विकलेली वीज घेतलेल्या विजेपेक्षा थोडी जास्त भरली, आणि ज्या काठमांडूत २००९ च्या आसपास हिवाळ्यात दिवसाला १६ तास लोडशेडिंग होतं त्यांच्यासाठी ही किती मोठी गोष्ट आहे विचार करा.

आता ह्यात मंजुरीचा मुद्दा बघा. कोळशाच्या प्रकल्पाची मंजुरी दोन महिने लांबली तर कोळसा यार्डात पडून राहतो, जळून जात नाही. वाहत्या पाण्यावरच्या प्रकल्पाची मंजुरी जूनऐवजी ऑगस्टमध्ये आली तर ते दोन महिन्यांचं पाणी टर्बाइनला बगल देऊन सांडव्यावरून निघून गेलेलं असतं आणि ते परत येत नाही. कागद तोच, उशीर तेवढाच, पण नुकसान सारखं नाही. आणि पैसे तर द्यावेच लागतात, कारण नेपाळ विद्युत प्राधिकरणाने खासगी प्रकल्पांशी जे करार केलेत त्यातल्या बऱ्याच करारांत वीज घ्या नाहीतर पैसे द्या अशी अट आहे. वाहत्या पाण्याच्या प्रकल्पाला पावसाळ्यात युनिटला ४ रुपये ८० पैसे आणि कोरड्या महिन्यांत ८ रुपये ४० पैसे, हे नेपाळी रुपये, आपल्या हिशोबाने ३ रुपये आणि सव्वापाच. म्हणजे तीन रुपयांनी घेतलेलं युनिट विकायला दारात बाजार आहे, लाईन आहे, घेणारा आहे आणि फक्त नूतनीकरणाचं पत्र आलेलं नाही.

माझं म्हणणं इतकंच की परवानगी असावी, पण वर्षावर्षाची आणि एकेका प्रकल्पाची नसावी. ज्या देशाशी आपण दहा वर्षांचा करार करतो त्यांना दरवर्षी परत रांगेत उभं करणं हे मला मनापासून चुकीचं वाटतं.

निरंजन_केडी

पाणलोट ताई, तुमचं पाण्याचं पटलं पण एक गोष्ट तुम्ही सोडून देताय. २०२० मध्ये काय झालं ते लक्षात घ्या. जूनमध्ये गलवान, आणि १२ ऑक्टोबरला सगळ्या मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या, मी स्वतः कुर्ल्याला अडकलो होतो. नंतर त्यावर चिनी सायबर हल्ल्याची चर्चा झाली, राज्याकडून एक म्हणणं आलं आणि केंद्राच्या ऊर्जामंत्र्यांनी सांगितलं की हल्ल्याचा पुरावा नाही, मानवी चूक होती. खरं काय ते असो, पण त्या काळात सरकारने ग्रिडमध्ये चीनचा हात कुठेच नको असं ठरवलं तर त्यात काय चुकलं? कार्यपद्धतीत सरळ लिहिलंय की ज्या तिसऱ्या देशाची भारताशी जमिनीवरची सीमा आहे आणि ज्याच्याशी वीज क्षेत्रातला करार नाही त्या देशाच्या माणसाची किंवा कंपनीची मालकी असलेल्या प्रकल्पाची वीज घ्यायची नाही. नाव लिहिलेलं नाही पण कोणाबद्दल आहे ते सगळ्यांना कळतं. आपला बाजार आहे, आपण ठरवणार काय घ्यायचं.

पाणलोट

निरंजन दादा, मालकीपुरतं असतं तर मी काही बोलले नसते. चिनी कंपनीच्या मालकीच्या प्रकल्पाला भारतीय ग्राहकाचे पैसे जाऊ द्यायचे नाहीत हा निर्णय मी समजू शकते. पण व्यवहारात ही गोष्ट ठेकेदारापर्यंत गेली.

अप्पर तामाकोशी घ्या. ४५६ मेगावॉट, जुलै २०२१ मध्ये सुरू झाला, नेपाळचा तोपर्यंतचा सगळ्यात मोठा प्रकल्प. ह्यात परदेशी गुंतवणूक नाही. पैसा कोणाचा तर विद्युत प्राधिकरणाचा, तिथल्या कर्मचारी संचय कोषाचा म्हणजे आपल्याकडच्या पीएफसारखा, नेपाळ टेलिकॉमचा, विमा संस्थेचा, आणि दोलखा जिल्ह्यातल्या स्थानिक लोकांसाठी १० टक्के शेअर राखून ठेवलेले. शिक्षक, पोस्टमन, शेतकरी ह्यांचे पैसे आहेत त्यात. पण बांधकामाचा ठेका सायनोहायड्रो ह्या चिनी कंपनीने केला होता, बोगदा खणला आणि बांध बांधला. एवढ्यावरून नोव्हेंबर २०२१ मध्ये जेव्हा नेपाळने विकायची परवानगी मागितली तेव्हा जुन्या ३९ मेगावॉटना हो झालं आणि ह्या प्रकल्पाला नाही. ठेका सही झाला तेव्हा हा नियम जन्मालाही आला नव्हता. आज त्या बोगद्यात चिनी माणूस नाही, काँक्रीट आहे. काँक्रीटमधून कोणी सायबर हल्ला करत नाही.

तुम्हाला कंट्रोल सिस्टिमची भीती असेल तर कंट्रोल सिस्टिम तपासा, कोणाचं सॉफ्टवेअर आहे ते विचारा, ते रास्त आहे. पण पूर्ण प्रकल्प बाद केला की शिक्षा चीनला होत नाही, ठेकेदार पैसे घेऊन गेला. शिक्षा होते दोलख्यातल्या शेअरधारकाला.

निरंजन_केडी

ठेकेदाराचा मुद्दा मला इतका डिटेलमध्ये माहीत नव्हता. मालकी आणि बांधकाम ह्यात फरक करायला हवा हे मान्य आहे. पण मालकीवर मी ठाम आहे, तिथे सूट नको.

बफेलोकर

उशिरा येतोय. मी न्यूयॉर्क राज्यात नायगाराजवळ राहतो, नदीच्या पलीकडे कॅनडा, आणि इथे वीज ह्या सीमेवरून दोन्हीकडे रोज ये-जा करते. भटक्याने विचारलं होतं की असं सगळीकडे असतं का, म्हणून इथलं सांगतो.

अमेरिकेत १९३५ पासून कायदा आहे, फेडरल पॉवर ॲक्ट, त्याच्या कलम २०२(ई) प्रमाणे कोणालाही देशाबाहेर वीज पाठवायची असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते. आता ते काम ऊर्जा विभागाकडे आहे. कंपनी अर्ज करते, तो सरकारी राजपत्रात छापून येतो, लोकांना हरकती घ्यायला साधारण महिनाभर मिळतो, मग विभाग मुख्यतः दोन गोष्टी बघतो, ही वीज बाहेर गेल्याने अमेरिकेतल्या ग्राहकांना कमी पडणार नाही ना आणि ग्रिडच्या चालवण्यात अडथळा येणार नाही ना. ठीक असेल तर बहुतेक वेळा पाच वर्षांची परवानगी मिळते. सीमेवरून नवीन लाईन टाकायची असेल तर त्याला वेगळा परवाना, त्याला प्रेसिडेन्शियल परमिट म्हणतात.

आता भारताशी तुलना करून बघा, मला तीन फरक दिसतात आणि तिन्ही महत्त्वाचे आहेत. इथे परवानगी कंपनीला मिळते, एकेका प्रकल्पाला नाही, स्वतःचा एकही प्रकल्प नसलेल्या ट्रेडिंग कंपन्यासुद्धा ती घेतात. दुसरं म्हणजे मुदत, पाच वर्षं आणि एक वर्ष ह्यात कंपनीला नियोजन करायला, कर्ज घ्यायला, दुसऱ्या बाजूच्या ग्राहकाशी लांबचा करार करायला केवढा फरक पडतो. आणि तिसरं सगळ्यात मोठं, अमेरिकेला चिंता बाहेर जाणाऱ्या विजेची आहे, आत येणाऱ्या विजेला अशी परवानगी लागतच नाही. कॅनडातून वीज येते तेव्हा पाठवायचा परवाना कॅनडाच्या नियामकाकडून घेतात, त्यांच्या लोकांना कमी पडू नये म्हणून. भारत-नेपाळात चाळणी मुख्यतः घेणाऱ्याच्या दारात आहे. म्हणजे इथला कायदा विचारतो आमच्यासाठी पुरेल का, आणि तिथला विचारतो ही आली कुठून.

सगळं गोड आहे असंही नाही. १४ ऑगस्ट २००३ ला ओहायोत लाईन झाडांना टेकल्या, ट्रिप झाल्या आणि त्यातून अमेरिका आणि ओंटारियो मिळून पाच कोटी लोक अंधारात गेले, त्यामुळे लोडडिस्पॅच काकांचं म्हणणं मी शंभर टक्के मान्य करतो. आणि राजकारण इथेही घुसतंच. मार्च २०२५ मध्ये टॅरिफच्या भांडणात ओंटारियोच्या मुख्यमंत्र्यांनी न्यूयॉर्क, मिशिगन आणि मिनेसोटाला जाणाऱ्या विजेवर २५ टक्के अधिभार लावला आणि दुसऱ्याच दिवशी स्थगित केला. त्या दिवशी आमच्या ऑफिसात सगळे हाच विषय बोलत होते, बिल वाढणार का म्हणून. वीज अशी गोष्ट आहे की तारेच्या एका टोकाला रुसवा झाला तर दुसऱ्या टोकाच्या स्वयंपाकघरात कळतं.

शेती_आणि_मीटर

बांगलादेशचं पण ऐकलं होतं मी. नेपाळची वीज बांगलादेशला जाते म्हणे आपल्यामधून. ते कसं काय? तिथे तर तीन देश आले.

लोडडिस्पॅच_निवृत्त

हो, आणि तो परवानगीचा सगळ्यात अवघड नमुना आहे. नकाशा काढून बघा, नेपाळ आणि बांगलादेश यांच्यामध्ये सिलीगुडीजवळची आपली अरुंद पट्टी आहे, पण तिथून थेट लाईन नाहीये. त्यामुळे वीज ढल्केबरहून मुझफ्फरपूरला येते, मग आपल्या ग्रिडमधून पश्चिम बंगालात बहरमपूरला, आणि तिथून बांगलादेशातल्या भेरामाराला.

जून २०२३ च्या सुमारास नेपाळचे तेव्हाचे पंतप्रधान पुष्पकमल दहल ‘प्रचंड’ दिल्लीत आले होते तेव्हा भारताने तत्त्वतः हो म्हटलं. मग भाव ठरवणं, मीटर कुठे मानायचा, वाटेत लाईनमध्ये जी वीज घटते ते नुकसान कोणाचं, ह्यात वर्ष गेलं. जुलै २०२४ ला सही व्हायची होती, पण तेव्हा बांगलादेशात आंदोलन पेटलं आणि ऑगस्टमध्ये तिथलं सरकारच गेलं. शेवटी ३ ऑक्टोबर २०२४ ला काठमांडूत तिन्ही संस्थांनी सही केली. ४० मेगावॉट, दरवर्षी १५ जून ते १५ नोव्हेंबर, भाव युनिटला ६.४ अमेरिकन सेंट, मोजणी मुझफ्फरपूरला. सही होईपर्यंत हंगाम संपत आला होता म्हणून १५ नोव्हेंबर २०२४ ला एक दिवस वीज देऊन सुरुवात केली आणि नियमित पुरवठा १५ जून २०२५ पासून. पाच महिन्यांत १४ कोटी युनिटच्या वर होतात, म्हणजे नव्वद लाख डॉलरच्या आसपास. रक्कम लहान आहे, पण दक्षिण आशियात एका देशाची वीज दुसऱ्यातून तिसऱ्यात जाणं हे पहिल्यांदा झालं आणि मला त्याचा खरंच आनंद आहे.

एक तांत्रिक गंमत सांगतो. नेपाळची ग्रिड आपल्याशी एसीने जोडलेली आहे, पण बांगलादेशची नाही. भेरामाराला एचव्हीडीसी (उच्च दाबाच्या डीसी विजेचं) स्टेशन आहे, एसीची डीसी करून परत एसी करतात, २०१३ मध्ये ५०० मेगावॉटचं होतं, पुढे १,००० केलं. त्यामुळे तिकडचा गोंधळ इकडे येत नाही. आणि अर्थातच नेपाळातलं तेच युनिट बांगलादेशात पोचतं असं काही नसतं, नेपाळ मुझफ्फरपूरला ४० टाकतो, आपण भेरामाराला ४० देतो, बाकी सगळा हिशोब आहे.

भटक्या_वाई

बापरे, एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, खास करून पाणलोट ताई आणि काकांचे. अजून दोन गोष्टी विचारतो. एक म्हणजे मर्स्यांगदीवरचा तो प्रकल्प कुठला असेल, आणि त्याची वीज मग वायाच जाते का? दुसरं, आपल्याला महाराष्ट्रात ही वीज मिळते का कधी?

पाणलोट

बेसीसहरच्या वर भुलभुलेपाशी असेल तर तो अप्पर मर्स्यांगदी ए, ५० मेगावॉटचा, मालकी मुख्यतः चिनी कंपनीची. आणि गंमत म्हणजे त्याच नदीवर खाली मिडल मर्स्यांगदी ७० मेगावॉट आणि मर्स्यांगदी ६९ मेगावॉट, ह्या दोघांना एप्रिल २०२२ च्या ३२६ मध्येच मंजुरी मिळाली. पाणी तेच, एकाच्या टर्बाइनमधून निघून दुसऱ्याच्या टर्बाइनमध्ये जाणारं.

वाया जाते असं नाही. विद्युत प्राधिकरण करतं काय, की मंजुरी नसलेल्या प्रकल्पांची वीज देशात वापरायची आणि मंजुरी असलेल्यांची बाहेर पाठवायची. दिवसा हे जमून जातं. अडचण येते पावसाळी रात्री, बारानंतर देशातली मागणी पडते, नद्या मात्र तशाच भरलेल्या असतात, आणि मंजूर आकड्याच्या वर पाठवता येत नाही. तेव्हा काही प्रकल्पांना उत्पादन कमी करा असा फोन जातो. तुमच्या लॉजच्या मालकांनी जे सांगितलं ते ह्या रात्रींबद्दल असणार.

आणि सगळा दोष दिल्लीचा नाही हेही सांगायला हवं. नेपाळात खासगी कंपन्यांना स्वतः वीज बाहेर विकायची सोय व्हावी ही मागणी कित्येक वर्षांची आहे, तिथला वीज कायदा अजून १९९२ चाच चालतोय आणि बदलाचं विधेयक रखडलंय. म्हणजे त्यांच्या उत्पादकाला दोन दारं आहेत, आधी काठमांडूचं आणि मग दिल्लीचं. लाईनसुद्धा कमी आहेत, ढल्केबर-मुझफ्फरपूरवर सगळा भार आहे, न्यू बुटवल-गोरखपूर ४०० केव्हीचं काम चालू आहे, नेपाळच्या बाजूचा भाग अमेरिकेच्या ५० कोटी डॉलरच्या अनुदानातून होतोय आणि ते अनुदान घ्यायचं की नाही ह्यावरून २०२२ मध्ये काठमांडूत केवढी आंदोलनं झाली होती.

लोडडिस्पॅच_निवृत्त

महाराष्ट्राचं मी सांगतो. नेपाळने दिवसाआधीच्या बाजारात विकलेली वीज एका सामाईक राशीत जाते, त्या पंधरा मिनिटांत देशात कोणीही खरेदी केली तर तो त्याच राशीतून घेतो. आपल्या राज्यातल्या कंपन्याही एक्स्चेंजवर घेतात, त्यामुळे हिशोबाने काही युनिट आपल्या वाट्यालाही येत असणार, फक्त कुठलं युनिट नेपाळचं ते वेगळं काढता येत नाही. थेट करार मात्र हरियाणा, बिहारसारख्या उत्तरेतल्या राज्यांसाठी झालेत, मुदतीचे. आणि मुंबईचं एक कनेक्शन भूतानशी आहे, टाटा पॉवरने २०२४ मध्ये तिथल्या ड्रुक ग्रीनबरोबर ६०० मेगावॉटच्या खोर्लोछू प्रकल्पात ४० टक्के हिस्सा घेतला. भूतानची वीज तर आपण चुखा प्रकल्पापासून, म्हणजे १९८० च्या दशकापासून घेतोय.

पुढच्या वेळी जाल तेव्हा ढल्केबरचं सबस्टेशन जमलं तर बघून या, जनकपूरपासून फार लांब नाही. आत सोडणार नाहीत, पण लाईन रस्त्यावरूनही दिसते.